दाराला लावलेली शेवंती

१५ सप्टेंबर २०२४

दादा,

पाया पडतो. मी घर सोडलं तेव्हा तू एस.टी.च्या पायरीशी म्हणालास, "आता समोर येऊन हुबा राहशील तवाच बोलीन. फोनवर न्हाई." त्याला दोन वर्षं झाली आणि तू शब्द पाळलास. पण बोलणार नाही म्हणालास, वाचणार नाही असं काही म्हणाला नाहीस. म्हणून हा कागद. आठवीपर्यंत शाळेत बसवलंस, त्याचा एवढा तरी उपयोग.

मी दिंडोरीला छाटणीच्या टोळीत होतो हे राजनंदिनीनं सांगितलं असेल. तुझ्या पोरीला सगळं कळतं, तुला कळत नसलं तरी. तिथल्या बागेत वाइनची द्राक्षं होती. बागेच्या साहेबाची इथल्या एका बागवाल्याशी ओळख. त्याला तोडणी-छाटणीला हात हवे होते, म्हणून सहा महिन्यांच्या परवान्यावर मला पाठवलं. मी फ्रान्सात आहे. पॅरिस वगैरे मनात आणू नको. पॅरिस मी विमानतळाच्या काचेतून पाहिलं. हे एक खेडं आहे. टेकडीवर देऊळ, त्याला घंटा, देवळाला चिकटून दगडी घरं, आणि सगळीकडून बागा, पार आभाळाला टेकेपर्यंत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गावात काहीतरी झालंय. सगळ्या खिडक्यांना लाकडाच्या फळ्या, दारं लावलेली, रस्त्याला कुत्रं नाही. आपल्याकडं अख्खं गाव एवढं गप्प असतं ते कोणी गेलं तरच. मी द्रिसला विचारलं, कोण वारलं? द्रिस मोरोक्कोचा, माझ्याबरोबर कामाला. सिनेमे बघून बघून त्याला हिंदी येतं, म्हणजे भांडणाचं येतं, प्रेमाचं येतं, मधलं येत नाही. तो पोट धरून हसला. म्हणाला, कोणी वारलं नाही, जेवायला बसलेत.

शिंगणापूरचा माणूस इथं आला तर त्याला घेरी येईल. इथं दार, दाराला कुलूप, खिडकीला काच, काचेवर फळी, आणि आत एक म्हातारी. चोरायला यायचं तर चोर बाहेरगावाहून आणावा लागेल. दुकान नाही. पाववाला गाडी घेऊन येतो, हॉर्न देतो, मग एकेका दारातून एकेक म्हातारी निघते, पाव घेते, आत जाते. स्मशान मात्र गावाला अगदी खेटून आहे, भिंतीच्या आत. आपल्यासारखं ओढ्याच्या पलीकडं नाही.

माझी राहायची सोय मालकाच्या आईकडं केली आहे. मालक लुक, पन्नाशीचा, कमी बोलतो. आईचं नाव जिनेत. सगळे मादाम म्हणतात, मीही म्हणतो, मनात म्हातारी म्हणतो. तिला गोरक्ष म्हणता येत नाही, 'गोहाक' म्हणते. पाव छातीशी धरून सुरी स्वतःकडं ओढत कापते. पहिल्यांदा बघून मी तिचा हात धरायला धावलो, तर तिनं सुरीच माझ्यावर रोखली. बूट बाहेर काढले नाहीत तर ओरडते. बूट घातले नाहीत तरी ओरडते.

आईला सांग, जेवण बरं आहे.

गोरक्ष


२० ऑक्टोबर

दादा,

पत्र मिळालं असेल असं धरून चालतो. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं म्हणे. मी पाकिटावर नगरच टाकलं, आपल्या पोस्टमनला मी कुठं आहे ते नसलं तरी तू कुठं आहेस ते माहीत आहे.

इथं वाईट झालं. लुकचा ट्रॅक्टर उतारावर कलंडला आणि तो खाली सापडला. द्रिसनं, मी आणि शेजारच्या बागेतल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. पाय तुटलाय, बरगड्या आत गेल्यात. तालुक्याच्या दवाखान्यात आहे, म्हणजे गाडीनं तासभर लांब. ऑपरेशन झालं, पण ताप धरलाय आणि उतरत नाही. म्हातारी रोज सकाळी शेजारच्या सोलांजबाईच्या गाडीतून जाते, दिवस मावळायला येते. येते ती कोट न काढता तशीच खुर्चीवर बसते. मी सूप गरम करून पुढं ठेवतो. तिला एकच पोरगा आहे. नवरा मागंच गेला.

काल द्रिसबरोबर मोठ्या दुकानात गेलो. दुकानाच्या दाराशी काय बघतो, तर शेवंती. आपली शेवंती, दादा. पिवळी, पांढरी, तांबूस. कुंडीत गोल घुमटासारखी छाटलेली, पानं दिसू नयेत एवढी फुलं. रांगाच्या रांगा. माझे पाय तिथंच राहिले. तुम्ही दसऱ्याला पहाटे तोडायला लागला असाल, मळ्यात सगळीकडं दव, आई पदराची झोळी करून वाकलेली, टेम्पोवाला बांधावरून हाका मारतोय, हे सगळं मला तिथं गाड्या लावायच्या जागेत दिसलं. एक फूल चुरगळून वास घेतला. दुकानवाली बघत होती. तोच वास.

बाया गाड्या भरभरून कुंड्या नेत होत्या. एकीच्या गाडीत पोरं बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, यांचाही सण जवळ आलेला दिसतो. संध्याकाळी सोलांजबाई म्हातारीला सोडायला आली तेव्हा फोनवर फुलाचं चित्र दाखवून विचारलं, सण? ती म्हणाली, हो हो, सण, एक तारखेला.

दादा, आपलं लक्ष्मीपूजनही यंदा एक तारखेलाच आहे. मला कोण आनंद झाला. या मुलखात एवढं एक तरी आपल्यासारखं निघालं.

गोरक्ष


१ नोव्हेंबर

दादा,

आज लक्ष्मीपूजन. अक्षर लागलं तर लाव.

काल पहिल्या आंघोळीचा दिवस. सकाळी दवाखान्यातून फोन आला, लुकचा ताप उतरला, धोका टळला. म्हातारी माझ्याकडं बघून हसली. मी इथं आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या गालावर थापटी मारली आणि सोलांजच्या गाडीत बसून गेली. मला त्या थापटीनं काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, ही संध्याकाळी येईल तेव्हा हिचं दार दिवाळीसारखं दिसलं पाहिजे.

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. दुकानातून शेवंतीच्या कुंड्या आणल्या. म्हातारीच्या शिवणाच्या डब्यातला सुई-दोरा घेतला आणि तोरण ओवलं. आंब्याची पानं कुठून आणणार, द्राक्षाची पानं लाल झालीत ती मधेमधे घातली. चौकटीला अगदी इकडून तिकडं. राहिलेल्या कुंड्या पायरीच्या दोन्ही अंगांना मांडल्या. पणत्या नव्हत्या, म्हणून मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्यांत मेणबत्त्या लावल्या. आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. गाडीचा आवाज आला तसा दारात उभा राहिलो, हात जोडून.

ती उतरली. आधी तोरणाकडं बघितलं. मग कुंड्यांकडं, मेणबत्त्यांकडं. मग माझ्याकडं, माझ्या जोडलेल्या हातांकडं. ओरडली नाही. मी वाट बघत होतो ओरडायची, तिची रीतच ती. ती एवढंच म्हणाली, "लुक." आणि गाडीच्या दाराचा आधार घ्यायला हात मागं केला, तो दाराला लागलाच नाही. दगडी पायरीवर कमरेवर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बैलाच्या पायाखाली वाळकी काडी मोडावी तसा.

मला कळेना. मी तिला उचलायला वाकलो, तर सोलांजनं मला ढकललं आणि तोरण ओरबाडून काढलं. कुंड्यांना लाथा मारल्या. बंद फळ्या पहिल्यांदाच उघडल्या, दादा. या गावात एवढी माणसं राहतात हे मला काल कळलं. सगळी पायरीकडं बघत होती आणि मग माझ्याकडं. इथं माणूस पडला तरी आग विझवणारे येतात. ते लाल गाडी घेऊन आले आणि तिला घेऊन गेले.

द्रिस धावत आला, फुलं बघितली आणि डोक्याला हात लावून खाली बसला. म्हणाला, "ये मरनेवालों का फूल है, भाई. सिर्फ मरनेवालों का."

इथं शेवंती घरात नेत नाहीत. कुणाच्या दारात ठेवत नाहीत, कुणाला देत नाहीत. ती फक्त थडग्यावर ठेवायची, वर्षातून एकदा, एक तारखेला. तोच तो सण. मेलेल्यांचा. मेणबत्त्याही तिथल्याच. म्हातारीच्या लहानपणी ज्या घरातलं कोणी गेलं त्या दाराला वरून काळं कापड लावायचे म्हणे. तिच्याकडं मोबाईल नाही. ती वाटेत असताना घरच्या फोनवर निरोप आला, असं तिला वाटलं. तिला वाटलं, तिचा लुक गेला आणि मला ते सांगायला दारात उभं केलंय.

खुलासा सगळ्यांना तासाभरात झाला. द्रिसनं सांगितलं, फोनमधल्या यंत्रानं सांगितलं, मी आपल्या दिवाळीचे फोटो दाखवले. सोलांजनं मान हलवली. मग काय. समजून घेतल्यानं हाड जुळत नाही.

आज सकाळी सोलांजला म्हातारीचं विचारायला म्हणून शोधत गेलो, ती स्मशानात होती. सगळं गाव तिथं होतं. दादा, मी आयुष्यात एवढी शेवंती एका जागी बघितली नाही, दादरच्या फूलबाजारातसुद्धा नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत. आपल्या मळ्याला कोणी कुंपण घालून आत माणसं पुरावीत तसं वाटलं. आपण पोटासाठी ही फुलं लावतो, लक्ष्मीला वाहतो, गाडीला हार घालतो. माझ्या अंगाला त्या वासानं काटा आला. आपल्याच मळ्याचा वास, आणि काटा आला.

आणि एका दगडावर तिचं नाव होतं. कोरलेलं, सोन्याचा रंग भरलेलं. वर नवऱ्याचं, आन्द्रे, खाली जिनेत. इंग्रजी अक्षरं मला लागतात तेवढी. जन्माचं साल, पुढं आडवी रेघ. म्हटलं, रातोरात गेली आणि दगडसुद्धा तयार झाला. मी तिथंच खाली बसलो. सोलांजनं बखोट धरून उठवलं, रेघेच्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि ते बोट माझ्यासमोर नाही नाही म्हणून हलवलं. इथं नवरा गेला की बायकोचं नाव पण कोरून ठेवतात. नुसती तारीख बाकी. म्हातारी दर रविवारी तिथं जाते, स्वतःच्या नावावरची धूळ पुसते.

ती जगली पाहिजे, दादा. मला दुसरं काही नको. खोली सोडायला सांगितली तर सोडीन, परत पाठवलं तर येईन, तुझ्यासमोर उभा राहीन. पण ती रेघेपुढची जागा माझ्या हातानं भरायला नको.

आईला यातलं वाचून दाखवू नको. सणाचा दिवस आहे.

गोरक्ष


१० नोव्हेंबर

दादा,

जिवंत आहे. कमरेचं ऑपरेशन झालं. वय झालंय, फुप्फुसात पाणी झालं होतं, तेही आता कमी आहे.

मी आठ दिवस द्रिसच्या खोलीत जमिनीवर झोपलो. म्हातारीच्या घराची किल्ली सोलांजकडं दिली. छाटणीला जात होतो, पण ज्या बागेत जाईन तिथं बाया बोलायच्या थांबायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याकडं चार जणांनी धुतला असता, रात्री भाकरी दिली असती, विषय संपला असता.

परवा लुकनं द्रिसच्या फोनवर निरोप पाठवला, त्याला घेऊन ये. आता हिशोब मिटवून तिकीट हातात देणार, असं धरून मी बॅग भरूनच नेली. लुक चाकाच्या खुर्चीत, आईच्या खोलीबाहेर बसला होता. म्हातारी त्याच दवाखान्यात, त्याच्याच मजल्यावर. बॅगेकडं बघून त्यानं द्रिसला काहीतरी विचारलं. द्रिस म्हणाला, "पूछ रहा है, तू यहाँ रहने आया है क्या." मग खुर्ची मागं घेऊन त्यानं मला वाट दिली.

ती एवढीशी झालीय. केस विंचरलेले नव्हते, तिचे केस मी कधी असे बघितले नव्हते. मी पाया पडलो. पायच हातात आले, पांघरुणावरून. तिनं ओढून घेतले आणि ओरडली. दादा, ती ओरडली तेव्हा मला रडू आलं.

मग फोनचं यंत्र मधे ठेवून बोललो. म्हातारी बोलायची, फोनमधली बाई ते मराठीत सांगायची, त्या बाईचं मराठी एखाद्या बातम्यावालीसारखं. म्हातारीनं विचारलं, दाराला लावताना तुझ्या मनात काय होतं? मी म्हटलं, तुम्ही येणार हे होतं.

त्यावर ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो:

"मी गाडीतून उतरले आणि पडले. तेवढ्या वेळात मी त्याला कोणता कोट घालायचा ते ठरवलं होतं. निळा. लग्नातला. बटण तुटलंय, ते शिवायला हवं, हेसुद्धा मनात आलं."

मला वाटलं आता ती रडेल. तिला हसू आलं. हसताना दुखत होतं, म्हणून पोट धरून हसली. म्हणाली, आता मी घरी जाईन तेव्हा त्यानं तोच कोट घालून दारात उभं राहायचं. आणि बटण तू शिव, माझी सुई कुठं असते ते तुला माहीत झालंय.

निघताना म्हणाली, तोरणाचं काय केलं? द्रिसनं चौकशी करून ठेवली होती. सोलांजनं ते टाकलं नव्हतं, आन्द्रेच्या दगडावर नेऊन ठेवलं होतं. म्हातारीनं मान हलवली. त्याला कोणी हार घातला नव्हता कधी, म्हणाली.

किल्ली परत मिळाली. तरी मी तिच्या घरात एकटा चोरासारखा वावरतो. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दार तेच, फुलं तीच, मी तोच हसत उभा. आणि तिला त्यात मेलेला पोरगा दिसला.

कोटाचं बटण लावलं.

गोरक्ष


१ डिसेंबर

दादा,

परवा तुझ्याशी बोललो त्याचं हे पत्र. फोनवर सांगता आलं नाही.

मी छाटणीला होतो. थंडी अशी की कात्री हाताला चिकटते. खिशात फोन वाजला, हातमोजा दातानं ओढून काढला आणि बघितलं तर तुझं नाव. 'दादा'. दोन वर्षांत ते नाव माझ्या फोनवर कधी उजळलं नव्हतं.

मी उचलला नाही. बघत राहिलो. तू समोर आल्याशिवाय बोलणार नाहीस. तू शब्द मोडणारा माणूस नाहीस. मग शब्द मोडून फोन करायचा तर एकच कारण. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. ओळीच्या त्या टोकाला द्रिस वाकलेला होता, देवळाची घंटा वाजत होती आणि मी वेलीला धरून उभा होतो. दादा, तेवढ्यात मी आईला हिरवं लुगडं ठरवलं. ते आंबट हिरवं, राजनंदिनीच्या बारशाचं, पेटीत तळाशी असतं. किल्ली पाटावरच्या डब्यात. वहिनीला माहीत नसेल, सांगायला हवं, हे पण मनात आलं. मी पोचणार नाही हे कळत होतं. कोणत्या गाडीनं मुंबई, कोणत्या विमानानं, सगळं धरलं तरी पोचत नव्हतो. तू खांद्यावर मडकं घेतलेलं मला दिसलं.

म्हातारीला पायरीवर काय झालं ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

द्रिस आला. त्यानं माझं तोंड बघितलं, फोन बघितला आणि काही न विचारता स्वतःच तुझा नंबर लावून माझ्या कानाला धरला.

तू म्हणालास, "पिवळी हुती का पांढरी?"

मला काही कळेना. मी म्हटलं, काय?

"फुलं रं. त्या बाईच्या दाराला लावली ती. पत्र आलं तुझं. कालपास्नं मी आन नंदिनी त्याच्यावरच हाय."

मी म्हटलं, पिवळी. तू म्हणालास, मग बरोबर लावलीस, तोरणाला पिवळीच. तुझा आवाज घोगरा झालाय. सर्दी आहे का? मागून आई म्हणत होती, त्याला इचार जेवला का, आन त्या बाईचं हाड कसं हाय. म्हणजे तू तिला सगळं वाचून दाखवलंस. नको म्हणून लिहिलं होतं.

मग तिनं फोन घेतला. ती बोलत होती आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी मधेच विचारलं, आई, लुगडं कोणतं नेसलीस आज?

ती म्हणाली, "हिरवं. आंबट हिरवं. सटीला लागंल म्हणून काढलंय पेटीतनं. का रं?"

तुम्हाला वाटलं लाइन गेली. लाइन होती.

तिच्या 'का रं'चं उत्तर वर लिहिलंय. हे तरी तिला वाचून दाखवू नको.

म्हातारी काल घरी आली, काठीवर. लुक निळा कोट घालून खुर्चीत दारात बसला होता. चौकट मी मोकळीच ठेवली होती. तिनं वर बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, आज काही नाही का?

परवाना फेब्रुवारीत संपतो. समोर येऊन उभा राहीन. तोपर्यंत फोन करत जा. पण आधी नंदिनीला मेसेज टाकायला सांग, 'सगळे बरे आहेत, पप्पा फोन लावतायत.' मग लाव. नुसता लावू नको.

गोरक्ष